गोरखचिंच

बत्तीस शिराळ्यात गोरक्षनाथांचे नाव घरोघर. मातीच्या नागाची पूजा करण्यात गुंतलेल्या गृहिणीला भिक्षा घालायला उशीर झाला, तेव्हा नाथांनी तिच्यापुढे जिवंत नागच ठेवला, ही आमच्या नागपंचमीची कथा. मग ‘गोरखचिंच’ही नाथांनीच लावली, असे इकडे कोणी म्हटले तर नवल नाही.

मौज अशी, की ही चिंच चिंचेच्या कुळातली नव्हे. गर आंबट, एवढाच काय तो संबंध; खरी सोयरीक सावरीशी. आणि माहेर तर थेट आफ्रिका! फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आडान्सन 1749 साली सेनेगलला पोचला आणि पुढे त्याचे नाव झाडाला मिळाले. पण हिंदुस्थानात ते त्याच्या कितीतरी आधी येऊन रुजले होते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आनुवंशिक पुराव्यावरून दिसले, की हे झाड इकडे एकदा नव्हे, अनेकदा आणि आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांतून आले.

आणले कोणी? अरब व्यापारी, पोर्तुगीज यांची नावे घेतली जातात. मला मात्र विजापूरची अवाढव्य झाडे पाहताना हबशी माणसेच आठवतात. त्यांतला इखलासखान आदिलशाहीत वजिरीपर्यंत चढला. पण गुलाम म्हणून विकली गेलेली कित्येक माणसे नावाविनाच संपली. फळाचे कवच कठीण, गर वाळका, महिनोन्‌महिने टिकणारा. त्यांच्यापैकी कुणाच्या शिदोरीतून बी सांडले असेल, हा माझा तर्क. दप्तरी पुरावा मागू नये.

हे झाड शोभेचे खरे, पण परसातले नव्हे. खोड पाणी साठवीत इतके फुगते, की कुंपण, गटार, भिंत सारेच आड येते. आफ्रिकेतील काहींचे वय कार्बन-पद्धतीने दोन हजार वर्षांवर भरले आहे. तेव्हा जागा देताना हात आखडू नये. उतरता, पाणी न साचणारा मोकळा माळ पाहावा. ऐन उन्हाळ्यात सावली मागू नये. तेव्हा ते निष्पर्ण असते. बी फार टणक. कढत पाण्यात रात्रभर भिजवून पेरावे. रोपाला पहिली पाने साधी, एकेरी येतात. बोटांसारखी पाने मागाहून. तण समजून उपटणारे पुष्कळ, म्हणून शेजारी काठी रोवून ठेवावी.

फुले पावसाळ्याच्या सुमारास येतात. पांढरी, लोंबती, संध्याकाळी उमलणारी. वटवाघळे येऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी फुलांचा खाली सडा पडतो.