आंबटपणाचा हिशेब

दारू उघडी राहिली की तिचे व्हिनेगर होते, हे प्राचीन बाबिलोनमध्ये खजुराची दारू गाळणाऱ्यांना ठाऊक होते आणि गोव्यात माडाची सूर आंबवणाऱ्यांनाही. जिवाणू हवेतला ऑक्सिजन घेऊन मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल करतात. ते किती झाले, हे मात्र हजारो वर्षे जीभच सांगत आली, आणि जिभेला गोडाने सहज चकवता येते.

१७२९ साली पॅरिसमधील औषधविक्रेते क्लोद-जोझेफ जोफ्र्वा यांनी जिभेवरचा भरवसा सोडला. व्हिनेगर मोजून घ्यायचे आणि त्यात पोटॅशियम कार्बोनेटची पूड थोडी थोडी टाकत जायचे. फसफस थांबली की आम्ल संपले. पूड जितकी जास्त खपली, तितके व्हिनेगर कडक. टायट्रेशनचे, म्हणजे असे मापाने घालत मोजण्याच्या रीतीचे, कूळ शोधत मागे गेले की सहसा याच प्रयोगापाशी येऊन थांबावे लागते. चवीसारखी निसटती गोष्ट वजनात पकडली, ही मला फार मोठी झेप वाटते.

तरी एक कोडे उरले. व्हिनेगर आणि तितक्याच संहतीचे हायड्रोक्लोरिक आम्ल यांना आम्लारी सारखेच लागते. मग जस्ताचा तुकडा एकात रेंगाळत बुडबुडे सोडतो आणि दुसऱ्यात भराभर, असे का? वीजही व्हिनेगरमधून कितीतरी कमी वाहते. उप्सालाच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८४ च्या प्रबंधात या विजेचाच माग काढला. परीक्षकांनी त्याला खालची श्रेणी दिली. रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड मात्र तो वाचून रीगाहून त्यांना भेटायला गेले. पुढे दोघांच्या कामातून उलगडा झाला. पाच टक्के व्हिनेगरमध्ये ॲसेटिक आम्लाच्या हजार रेणूंपैकी एका वेळी जेमतेम चार-पाच रेणूंचे आयन झालेले असतात, तर हायड्रोक्लोरिकचे जवळजवळ सगळ्यांचे. मात्र आम्लारीने ते मोजके हायड्रोजन आयन उचलले की आणखी रेणू फुटतात. पुन्हा उचलले की पुन्हा फुटतात. अशाने सौम्य आम्लही शेवटच्या रेणूपर्यंत हिशेब चुकता करते.

सौम्यपणाची खूण शेवटीही राहतेच. कॉस्टिक सोड्याने व्हिनेगर पुरते उदासीन केले, तरी तयार झालेल्या सोडियम ॲसेटेटमुळे द्रावणाचा सामू सातच्या वर, साडेआठच्या आसपास जातो. मिथिल ऑरेंज हे दर्शक द्रव्य त्याच्या खूप आधीच रंग बदलून मोकळे होते. आडोल्फ बायर यांनी १८७१ मध्ये बनवलेले फिनॉल्फ्थॅलिन मात्र नेमके त्या टप्प्यावर गुलाबी होते, म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युरेटखालच्या व्हिनेगरमध्ये त्याचेच दोन थेंब टाकतात.