रोज पहाटे, पण कधीपर्यंत?

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी क्रॉनटॅबमध्ये एखादी ओळ लिहिलेली असते. रात्री दोन वाजता बॅकअप, दर सोमवारी रिपोर्ट, असलं काहीतरी. त्या ओळीत मिनिट असतं, तास असतो, वार असतो. 'कधीपर्यंत' हा रकानाच नसतो. ओळ लिहिणारा कंपनी सोडून जातो, रिपोर्ट वाचणारा साहेब रिटायर होतो, आणि ओळ आपली इमानेइतबारे चालत राहते. फार तर काय, थोडी डिस्क भरते.

पण समजा हीच ओळ हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये आहे: 'या पेशंटचं रक्त रोज पहाटे तपासा.' आता मात्र दर वेळी खर्च होतं ते माणसाचं रक्त. म्हणूनच या 'कधीपर्यंत'चा इतिहास मला भारी वाटतो.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, आणि तीही चक्क क्षेपणास्त्रं बनवणाऱ्या कंपनीत! कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या लॉकहीडने १९६० च्या दशकात हॉस्पिटलसाठी कॉम्प्युटर सिस्टीम बनवायला घेतली. १९७१ साली ती जवळच्याच माउंटन व्ह्यू गावातल्या एल कामिनो हॉस्पिटलमध्ये बसली. पडद्यावर तपासण्यांची यादी, हातात प्रकाशाचं पेन. डॉक्टरने नावावर पेन टेकवलं की ऑर्डर लॅबकडे रवाना. माउसचं नावही बहुतेकांनी ऐकलं नव्हतं त्या काळात, बरं का!

त्याच वर्षी ही सिस्टीम टेक्निकॉन नावाच्या कंपनीने विकत घेतली. आता ही टेक्निकॉन कोण? तर लॅबमधलं ऑटोअ‍ॅनलायझर हे यंत्र १९५७ पासून विकणारी कंपनी. रक्ताची जी तपासणी तंत्रज्ञ हाताने करायचा, ती हे यंत्र नळ्यांमधून आपोआप करायचं. पुढे त्यांचं एसएमए १२/६० आलं. नावातच हिशोब आहे: एका नमुन्यावर १२ तपासण्या, तासाला ६० नमुने. म्हणजे तासाला ७२० निकाल!

गंमत बघा. तपासणी स्वस्त करणारं यंत्र आणि ती मागवणं सोपं करणारा पडदा, दोन्ही एकाच कंपनीकडे. कागदाच्या जमान्यात दर वेळी कुणीतरी फॉर्म भरायचा, आणि भरताना निदान एकदा मनात यायचं, की हे खरंच हवंय का? पडद्यावर 'रोज पहाटे' एकदा निवडलं की तो प्रश्न पुन्हा कुणाला पडायचं कारण उरत नाही.

तसा कॉम्प्युटर आठवण करून देण्यात पटाईत. इंडियानापोलिसच्या क्लेमंट मॅकडोनाल्ड यांनी १९७६ साली हे मोजून दाखवलं. कॉम्प्युटरने आठवण केली, तेव्हा डॉक्टरांनी ५१ टक्के प्रसंगी योग्य ती कृती केली. आठवण नसताना फक्त २२ टक्के. डॉक्टर निष्काळजी नव्हते, त्यांच्यासमोर एकाच वेळी माहितीच फार होती. पण 'हे करायचं राहिलं' यासारखीच 'हे आता थांबवा' ही आठवणही लागते, आणि तिच्याकडे लक्ष जायला बराच वेळ गेला.

आता जरा आपल्या धंद्यातलं. 'रोज पहाटे, पाच दिवस' ही दिसायला एक ऑर्डर, पण आत तिची पाच पिल्लं तयार होतात. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले 'बंद करा', तर काय करायचं? कालचा निकाल पुसता येत नाही. आज पहाटे काढलेली नळी लॅबच्या वाटेवर असेल, तिचं काम पूर्ण व्हायला हवं. उद्याची आणि परवाची मात्र रद्द. पेशंट वॉर्ड बदलला, घरी गेला, तर आणखी वेगळे नियम. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलांसाठी १९९० च्या दशकात आलेल्या सीपीआरएसमध्ये लॅबच्या ऑर्डरला दोन वेगळे रकाने आहेत: किती वेळाने, आणि किती दिवस. हा दुसरा रकाना ज्याने टाकला, त्याला आपला सलाम!

रकाना असला तरी माणूस सवयीने मोठा आकडा भरतोच. व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या हॉस्पिटलने यावर दोन टप्प्यांत प्रयोग केला, तो २००४ साली छापून आला. आधी कॉम्प्युटरने नुसतं विचारलं: ७२ तासांच्या पुढच्या या तपासण्या ठेवायच्या की काढायच्या? तेवढ्याने रक्तातल्या क्षारांच्या वगैरे नेहमीच्या तपासण्यांच्या ऑर्डरी २४ टक्क्यांनी घटल्या. मग एकगठ्ठा तपासण्या सुट्या केल्या आणि पुन्हापुन्हाच्या ऑर्डरवर मर्यादा घातली, तेव्हा आणखी ५१ टक्क्यांनी. मृत्यू, पुन्हा दाखल होणं, आयसीयूत हलवणं, यांचं प्रमाण वाढलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, दोन-चार मिली रक्ताने काय होतंय? २०११ साली अमेरिकेतल्या ५७ हॉस्पिटलांमधल्या, हार्ट अटॅकने दाखल झालेल्या १७,६७६ पेशंटांचा अभ्यास आला. येताना यांच्यापैकी कुणालाही अ‍ॅनिमिया नव्हता. हॉस्पिटलातच २० टक्के लोकांना मध्यम ते तीव्र अ‍ॅनिमिया झाला. काढलेल्या दर ५० मिली रक्तामागे हा धोका १८ टक्क्यांनी जास्त दिसला. जास्त आजारी माणसाच्या तपासण्याही जास्त होतात, हे खरंच. पण आजाराचा वगैरे हिशोब वजा केल्यावरही हा आकडा १५ टक्के उरला. २०१३ साली अमेरिकेतल्या हॉस्पिटल डॉक्टरांच्या संघटनेने आपल्या यादीत स्पष्ट लिहिलं: पेशंट आणि त्याचे निकाल स्थिर असतील, तर त्याच त्या तपासण्या परत करू नका.

मग तीन दिवसांनी सगळं आपोआप बंद करून टाकावं का? मला नाही पटत. रक्त पातळ करण्याचं औषध चालू असलेल्या पेशंटची तपासणी मध्यरात्री गुपचूप बंद पडली, तर जीवावर बेतेल. न विचारता चालू ठेवणं जितकं वाईट, तितकंच न विचारता थांबवणंही. व्हँडरबिल्टचा पहिला टप्पा म्हणूनच मला जास्त आवडतो. यंत्राने ठरवलं काहीच नाही. पडद्यामुळे कागदाबरोबर हरवलेला तो एक प्रश्न त्याने डॉक्टरसमोर परत आणून ठेवला. कोड म्हणाल तर चार ओळींचा. सुचायला मात्र तीसेक वर्षं लागली.