रुंद पडद्यावरचे ४:३ कार्यक्रम

दूरचित्रवाणी संचाच्या पडद्याची रुंदी आणि उंची पूर्वी ४:३ या प्रमाणात असे. आजच्या संचांत ती १६:९ असते. ४:३ हे माप मूकपटांच्या ३५ मिमी फिल्मवरून आले आणि दूरचित्रवाणीने तेच स्वीकारले. त्यामुळे १९७२ साली सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनचे पहिल्या काही दशकांतले कार्यक्रम याच मापात आहेत. प्रभातच्या ‘संत तुकाराम’सारख्या (१९३६) बोलपटांची चौकटही जवळपास तीच.

असा कार्यक्रम नव्या संचावर मूळ मापात लावला की तो मधल्या पाऊण रुंदीत मावतो आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. ४३ इंची संचावर चित्र सुमारे ३५ इंची होते. पडदा रिकामा राहिलेला बघवत नाही म्हणून पुष्कळ घरांत चित्र ताणून ठेवलेले असते. मग रुंदी एक-तृतीयांशाने वाढते, चेहरे पसरट होतात, माणसे बुटकी दिसतात. गोल वस्तूवरून हे चटकन ओळखता येते: समोरून दिसणारे भिंतीवरचे घड्याळ आडवे लंबगोल झालेले असते.

‘झूम’ केल्यास आकार शाबूत राहतो, पण वरखाली मिळून उंचीचा चौथा हिस्सा कापला जातो. नृत्याच्या कार्यक्रमात पावलेच जातात, आणि हे नुकसान ताणण्यापेक्षा मोठे आहे. ‘साइनफेल्ड’ ही अमेरिकी मालिका २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर रुंद चौकटीत आली, तेव्हा एका प्रसंगात रस्त्यातल्या खड्ड्याविषयी बोलणे चालू होते आणि खड्डा मात्र चौकटीबाहेर गेला होता. फिल्मवर चित्रित मालिकांत बाजूंचा थोडा जादा भाग कधी कधी मूळ फिल्मवर सापडतो. ४:३ मध्ये व्हिडिओ टेपवर चित्रित झालेल्या कार्यक्रमांत तोही नसतो. म्हणून काळे पट्टे असलेले चित्रच पूर्ण चित्र मानावे.

झूम योग्य ठरतो तो एकाच ठिकाणी: रुंद चित्रपट ४:३ चौकटीत, वरखाली पट्टे ठेवून प्रक्षेपित झाला असेल आणि त्यामुळे चारही बाजूंना काळे दिसत असेल तेव्हा.

मापाची निवड सेट-टॉप बॉक्स आणि टीव्ही या दोन्हींत असते. बॉक्सनेच किंवा वाहिनीनेच चित्र ताणून पाठवले असेल, तर टीव्हीच्या रिमोटवर ‘ओरिजिनल’ निवडून फरक पडत नाही; तिथे ‘४:३’ निवडल्यावर चित्र आक्रसून मूळ आकारात येते.