रत्नागिरी जिल्ह्यातील नवउद्योग आणि शासकीय पाठबळ : एक ऐतिहासिक परामर्श

‘स्टार्टअप’ हा शब्द शासकीय व्यवहारात रूढ झाला तो १६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र शासनाने ‘स्टार्टअप इंडिया’ उपक्रमाचा आरंभ केल्यानंतर. तथापि नव्या उद्योजकाला शासनाने हात द्यावा, ही कल्पना रत्नागिरीला नवीन नाही. प्रस्तुत लेखात अशा प्रयत्नांचा परामर्श घेतला असून, आरंभापासून उत्पन्न हाती येईपर्यंतचा रिकामा काळ कोणी सोसला, या एका प्रश्नापुरती चर्चा मर्यादित ठेवली आहे.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना, १९७० मध्ये कोकण विकास महामंडळ आणि १९७८ मध्ये जिल्हा उद्योग केंद्रांचा केंद्रपुरस्कृत कार्यक्रम आला. मिरजोळे, खेर्डी, लोटे-परशुराम येथे भूखंड पडले. रस्ते, पाणी, वीज पोहोचली. लोट्याला रासायनिक कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या पाठोपाठ दाभोळ खाडीच्या प्रदूषणाचा प्रश्नही. हे साहाय्य मुख्यतः जागेचे व सवलतींचे होते. ज्याच्यापाशी भांडवल आधीच आहे, त्यालाच ते अधिक उपयोगी पडणार हे उघड होते. मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालणाऱ्या घरांत तसे भांडवल फारसे नव्हते.

या दृष्टीने सर्वांत उद्बोधक उदाहरण कारखान्याचे नसून फळबागेचे आहे. हापूसचे कलम लावल्यावर व्यापारी उत्पन्नासाठी पाच-सहा वर्षे, कधी त्याहून अधिक थांबावे लागते. जांभ्या कातळात खड्डे खणणे, बाहेरून माती आणून भरणे, उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी घालणे, हा खर्च मात्र पहिल्या दिवसापासूनचा. लहान शेतकऱ्याची वरकस जमीन पडीक राहण्याचे एक मोठे कारण हेच होते. १९९० मध्ये राज्य शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग विकास योजना सुरू केली. मूळ रोजगार हमीत मजूर सार्वजनिक कामावर जात असे. येथे शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवरील मजुरीचा भार शासनाने उचलला. अनुदान तीन वर्षांत विभागून मिळे आणि पुढील हप्ता जगलेल्या झाडांच्या प्रमाणावर अवलंबून असे. पैसा कागदावरील प्रस्तावाला नव्हे, जिवंत कलमाला मिळत होता. त्याला ज्ञानाची जोडही होती. १९७२ मध्ये दापोलीस स्थापन झालेले कोकण कृषी विद्यापीठ आणि त्याचे वेंगुर्ल्याचे संशोधन केंद्र यांनी आंबा-काजूच्या सुधारित जाती व कोयकलमाचे तंत्र पुरविले. आज जिल्ह्यातील डोंगरउतारांवर दिसणाऱ्या आंबा-काजूच्या बागांमागे या योजनेचा वाटा मोठा आहे. अर्थात तीन वर्षांनंतर फळ धरेपर्यंतचा काळ शेतकऱ्याचाच होता, आणि प्रक्रिया व बाजारपेठ यांचा विचार योजनेत नव्हता.

स्टार्टअपच्या धोरणातही थांबण्याच्या काळाची जाणीव हळूहळूच आली. २०१६ च्या पहिल्या व्याख्येनुसार स्थापनेपासून पाच वर्षांपर्यंतच्याच संस्था मान्यतेस पात्र होत्या. २०१७ मध्ये ही मर्यादा सात आणि २०१९ मध्ये दहा वर्षे झाली. राज्याने २०१८ मध्ये स्वतंत्र नावीन्यपूर्ण स्टार्टअप धोरण स्वीकारले. त्याच वर्षापासून ‘स्टार्टअप सप्ताह’ भरू लागला. त्यातील विजेत्यांना शासकीय विभागांकडून पंधरा लाख रुपयांपर्यंतचे कार्यादेश मिळू लागले. अनुदान देण्यापेक्षा शासनाने पहिला ग्राहक व्हावे, ही कल्पना अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल. जिल्हा पातळीवर मात्र २०१९ च्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची वाट जुन्याच जिल्हा उद्योग केंद्रातून व बँकेतून जाते. प्रकल्पखर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळते; मोठा भाग कर्जाचा असतो. आंब्याचा गर काढण्याचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा, बँकेचा हप्ता बारमाही.

२०२१ मध्ये केंद्राने ९४५ कोटी रुपयांची बीजनिधी योजना आणली. संकल्पना सिद्ध करण्यासाठी वीस लाखांपर्यंत अनुदान देण्याची तीत सोय होती. परंतु अर्जाच्या वेळी संस्था दोन वर्षांहून जुनी नसावी, अशी अट होती. संगणकप्रणाली तयार करणाऱ्याला दोन वर्षांत कितीतरी प्रयोग करता येतात. हापूसच्या प्रक्रियेत नवे काही करू पाहणाऱ्या रत्नागिरीच्या तरुणाच्या वाट्याला तेवढ्या काळात दोनच हंगाम येतात.