पहिल्या आंघोळीआधीचे बावीस तास

ठिकाण कोथरूड. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. आमचं भाड्याचं घर तळमजल्यावर. घड्याळ सुरू होतं नरकचतुर्दशीच्या आदल्या सकाळी.

सकाळी ७ (बावीस तास आधी)

वॉशिंग मशिननं पहिलं पाणी सोडलं आणि संडासाचं भांडं गुडगुडलं. संडासात कोणी नव्हतं.

बेसिनचं पाणी जाताना बेसिनच गुडगुडलं, तर अडथळा त्याच्याच ट्रॅपमध्ये असतो. केस, साबण, फार तर एखादं टोपण. पण पाणी सोडलं एकीकडे आणि बुडबुडे आले दुसरीकडे, तर दोन्ही पाइप जिथे मिळतात तिथे किंवा तिथून पुढे काहीतरी अडलंय. आमचं मोरीचं आणि मशिनचं पाणी बाहेरच्या गली ट्रॅपमधून चेंबरला जातं, संडासाचा पाइप थेट चेंबरला. वरच्या मजल्यांच्या मैल्याच्या पाइपाला गच्चीवर हवेसाठी तोंड ठेवलंय; तळमजल्याचा संडास वेगळा जोडलेला, त्याला ती सोय नाही. चेंबरमध्ये पाणी चढलं की आमच्या पाइपातली हवा कोंडते आणि भांड्यातल्या पाण्यातून वाट काढते. थोडक्यात, दुखणं कुठे आहे ते सात वाजताच कळलं होतं: घरात नाही, बाहेर.

सकाळी ९.३०

कामाच्या मावशी दारातच थबकल्या. "ताई, काय मेलंय का हो घरात?" आम्हाला तेवढं जाणवत नव्हतं. सडक्या अंड्यासारखा हा वास हायड्रोजन सल्फाइडचा. नाक त्याला लवकर सरावतं, आणि वायूचं प्रमाण फार वाढलं तर वास येणंच थांबतं. गटाराच्या बाबतीत बाहेरून आलेल्या माणसाचं नाक खरं मानावं.

वासाची पहिली तपासणी फुकटात होते. घरातल्या प्रत्येक जाळीत दोन तांबे पाणी ओतायचं. ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी उभं असतं, आणि गटाराची हवा घरात येण्यापासून तेवढंच काय ते अडवतं. न वापरलेल्या न्हाणीतलं पाणी आटलं की वाट मोकळी. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची साथ पसरली, ३०० हून अधिक रहिवासी आजारी पडले. तपासात बोट गेलं ते बाथरूममधल्या कोरड्या पडलेल्या ट्रॅपकडे आणि त्यातून हवा ओढणाऱ्या एक्झॉस्ट पंख्यांकडे. आमच्या ड्राय बाल्कनीतली जाळी अशीच कोरडी निघाली. पाणी ओतल्यावर तिथला वास दुपारपर्यंत गेला. बाथरूममधला जागचा हलला नाही.

सकाळी ११

घरमालक काकांना फोन. "ॲसिडची बाटली ओता आणि तासभर तसंच राहू द्या. आम्ही राहायचो तेव्हा दर दिवाळीला टाकायचो."

ॲसिडनं भांड्यावरचे डाग निघतात. वीस फुटांवरच्या चेंबरपर्यंत पोचेस्तोवर त्यात काही जोर उरत नाही. आणि आधी कोणी ब्लीचिंग पावडर टाकलेली असली, तर दोन्हींतून क्लोरीन निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. ॲसिड टाकलं नाही. काकांना "बघते" म्हटलं.

दुपारी १.३०

प्लंबर आला. सणाचे दिवस, त्याला आणखी चार ठिकाणी जायचं होतं. पण पहिलाच प्रश्न त्यानं मुद्द्याचा विचारला. "चेंबर कुठंय?"

गणपतीच्या आधी सोसायटीनं आवारात पेव्हर ब्लॉक बसवले होते. काम देखणं झालं. मात्र जमीन वीतभर वर आली, आणि चेंबरची झाकणं, गली ट्रॅपची तोंडं, सगळं त्याखाली गाडलं गेलं. गली ट्रॅपचं तोंड अंगणात, घराच्या फरशीपेक्षा खाली ठेवतात ते उगाच नाही. लाइन तुंबली तर घाण आधी अंगणात यावी, चारचौघांना दिसावी, बोंब व्हावी. ते तोंड बुजवल्यावर साऱ्या इमारतीच्या पाण्याला सगळ्यांत खालचं उघडं भोक एकच उरलं: आमच्या बाथरूमची न्हाणी.

सेक्रेटरी सोफ्यावरून उठले नाहीत. "चेंबर असेल तिथेच कुठेतरी. आता ब्लॉक कोण उचकटणार? दिवाळी होऊ दे." प्लंबरनं बेसिनचा बॉटल ट्रॅप उघडला, केसांचा गुंता काढला, पैसे घेतले. जाताना म्हणाला, "हे तुमच्या घरातलं काम नाही ताई."

दुपारी ४.३०

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना सांगितलं, एक बादली पाणी संडासात एकदम ओता आणि खिडकीतून हाक मारा. मी खाली भांड्यापाशी उकिडवी बसले. हाक आली. क्षणभर काही नाही. मग भांड्यातलं पाणी थरथरलं, तीन-चार मोठे बुडबुडे फुटले आणि पातळी दोन बोटं वर आली. कडेला चिकटलेला कागदाचा कपटा तिच्याबरोबर वर सरकला. मग पाणी उतरायला लागलं, इतकं सावकाश की कपटा पुन्हा जागेवर यायला जवळजवळ दहा मिनिटं गेली. लाइन पुरती बंद नव्हती. बारीकशी वाट होती. बादलीभर पाण्याला एवढा वेळ लागत असेल, तर बादल्या एकामागून एक आल्यावर काय, हा हिशोब मला तिथेच करता आला. सेक्रेटरींना तो मेसेजवर पाठवला. उत्तरादाखल पणतीचं चित्र आलं.

वरच्या घरांतून चकल्यांचा खमंग वास येत होता. कढईतलं उरलेलं तूप, डालडा, पिठाचे हात, सगळं सिंकमध्ये गरम असताना सुरळीत जातं आणि चेंबरात गार होऊन थिजतं.

रात्री ९

न्हाणीच्या जाळीतून झुरळं बाहेर यायला लागली. एक-दोन नव्हे, रांगच. झुरळं लाइनीत राहतात, पाणी चढलं की वर पळतात. सासूबाईंनी झाडू घेतला. मी जाळी उचलली. पाणी काठाशी होतं, वर पिवळट तेलाचा तवंग.

रात्री ११.३०

इमारत झोपली, पाणी उतरलं. नवरा म्हणाला, "सुटलं वाटतं आपोआप." आपोआप काही सुटलं नव्हतं, वरून यायचं थांबलं होतं, एवढंच.

पहाटे ४.१५

सोळाही घरांत दिवे. गीझर, उटणं, मोती साबण. घरटी चार माणसं, माणशी दोन बादल्या, बादली पंधरा लिटरची: तास-दीड तासात १,९२० लिटर. फ्लश वेगळे.

पहाटे ४.४०

गुडगुड थांबली. हे सगळ्यांत वाईट चिन्ह. आवाज हवेचा असतो. पाइप काठोकाठ भरला की आवाज करायला हवाच उरत नाही.

पहाटे ५

जाळी तरंगली आणि बाजूला झाली. काळं पाणी आधी घोट्याएवढं फुगून वर आलं, मग बाथरूमभर पसरलं, आणि त्याला उटण्याचा वास होता. अंगाला तेल लावून पाटावर बसायला निघालेल्या सासूबाई दारातच थांबल्या. उंबरा ओलांडून पाणी पॅसेजमध्ये, तिथून स्वयंपाकघराकडे. गोधड्या, जुनी बेडशीटं, जे हाती आलं ते आडवं घातलं. मी जिन्यात उभी राहून ओरडले, "आंघोळी थांबवा! नळ बंद करा!" बाहेर लवंगी माळा तडतडत होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना तेवढं ऐकू आलं. त्यांनी दारोदार बेल वाजवून सोळा घरांचे नळ बंद करवले. पाणी स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवलेल्या फराळाच्या डब्यांपाशी थांबलं. डबे स्टीलचे होते, पण आतलं कोणी खाल्लं नाही.

सकाळी ८ नंतर

सेक्रेटरी आले ते पहार घेऊनच. आठ ब्लॉक उचकटल्यावर पहिलं झाकण सापडलं. महानगरपालिकेची जेटिंगची गाडी दुपारी आली. चेंबरात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. "एखादा पोरगा उतरवू या का" असं सुचवणाऱ्या सभासदाला गाडीवरच्या माणसानंच हे सुनावलं. पाण्याच्या दाबानं बाहेर आलं ते असं: थिजलेल्या चरबीची ढेकळं, सॅनिटरी पॅड, आणि पाइपाच्या तोंडाशी घट्ट झालेला सिमेंटचा थर. पेव्हर बसवणाऱ्यांनी घमेली तिथेच धुतली होती.

मग बिल. घरमालक काका म्हणाले, भाडेकरूच्या वापरानं तुंबलं. सेक्रेटरी म्हणाले, तळमजल्याचा प्रश्न तळमजल्यानं बघावा. मी सोसायटीच्या उपविधींची प्रत मागितली. ड्रेनेजच्या सामाईक लाइनींची दुरुस्ती सोसायटीच्या खात्यातून होते, असं त्यात स्पष्ट आहे. भाऊबीजेच्या दिवशी मीटिंग झाली. झाकणं नव्या जमिनीच्या पातळीला आणायचं ठरलं, गली ट्रॅपवर लोखंडी जाळ्या ठरल्या, जेटिंगचा खर्च सोसायटीवर गेला. गाद्या आणि गोधड्यांचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांना एकदम ओवाळणीला जायची घाई झाली.