आपोआप लागलेले गाणे

गाण्याला दोन वये असतात. एक, ते गायले गेले तेव्हापासून मोजायचे. दुसरे, ते आपल्या कानी पडले त्या दिवसापासूनचे. पूर्वी जुने गाणे ऐकायचे तर ज्याच्यापाशी तबकड्यांचा साठा आहे असा कुणी काका किंवा शेजारी गाठावा लागे. तोही गायकाचे नाव, साल आणि स्वतःच्या तरुणपणातल्या दोन आठवणी ऐकवल्याशिवाय तबकडीवर सुई ठेवीत नसे. हल्ली हे काम यंत्राकडे गेले आहे. मोबाईलवर एक गाणे संपले की दुसरे लागते, आणि ते कधीकधी चाळीस वर्षांपूर्वीचे, परक्या भाषेतले असते.

माझ्या नववीच्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत एक जपानी चाल गुणगुणत होती. मी विचारले, "कुणाचं गं हे?" ती म्हणाली, "माहीत नाही, सर. आपोआप लागलं." या 'आपोआप'ला मोठा मनोरंजक इतिहास आहे. तोच फराळाच्या ताटासोबत वाचकांपुढे ठेवतो.

१९९४ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत उपेंद्र शारदानंद आणि पॅटी मेस यांनी 'रिंगो' नावाचा एक प्रयोग केला. श्रोत्याने ईमेलने आपले आवडते-नावडते गायक कळवायचे आणि प्रत्येकाला एक ते सात असे गुण द्यायचे. संगणक त्या गुणांवरून समान आवडीची माणसे हुडकून काढी आणि त्यांना आवडलेले, पण या श्रोत्याने न ऐकलेले नाव त्याला सुचवी. संगणकाला सूर कळत नव्हता की ताल. त्याच्यापाशी होती ती केवळ माणसांच्या आवडीनिवडीची वही. पुढे २००५ साली यूट्यूब आले, २०१५ साली स्पॉटिफायने दर आठवड्याला प्रत्येक श्रोत्याला वेगळी यादी द्यायला सुरुवात केली. आजची यंत्रे गाण्याचा ठेकाही तपासतात. परंतु ती जुनी वही अजून सुटलेली नाही.

या वहीने जपानच्या एका काळाला अवचित दुसरा जन्म दिला. १९७९ साली सोनीचा वॉकमन बाजारात आला. देशात सुबत्ता होती आणि मोटारीत कॅसेट वाजत होत्या. अमेरिकन सोल आणि फंक संगीताचा ठेका घेऊन जपानी कलावंतांनी जे शहरी गाणे घडवले, त्याला 'सिटी पॉप' म्हणतात. मारिया ताकेउची यांचा 'व्हरायटी' हा १९८४ सालचा संग्रह जपानमध्ये विक्रीत पहिला आला होता. त्यातलेच 'प्लॅस्टिक लव्ह' हे गाणे पुढच्या वर्षी स्वतंत्र तबकडीवर निघाले. ते मात्र यादीत पार खाली राहिले. २०१७ साली कुणा रसिकाने ते यूट्यूबवर ठेवले. सोबत लावलेले हसरे छायाचित्र त्यांच्या १९८० सालच्या दुसऱ्याच एका तबकडीचे होते! यंत्राने ते गाणे इतक्यांच्या पुढे सरकवले की थोड्याच काळात दोन कोटींहून अधिक वेळा ऐकले गेले. २०१८ साली छायाचित्रकाराने हक्क सांगितला म्हणून ते काढून टाकण्यात आले, आणि २०१९ साली परत आले. त्याच वर्षी मूळ कंपनीने त्यावर नवी चित्रफीत काढली. पस्तीस वर्षांनी आलेले हे कौतुक पाहायला गायिका हयात होती.

मिकी मात्सुबारा यांच्या नशिबी ते नव्हते. ओसाकाकडच्या या मुलीची पहिली तबकडी ५ नोव्हेंबर १९७९ रोजी निघाली, तेव्हा तिला वीस वर्षेही पुरी झाली नव्हती. गाण्याच्या नावाचा अर्थ 'मध्यरात्रीचे दार'. शब्द योशिको मिउरा यांचे, चाल तेत्सुजी हायाशी यांची. २०२० साली इंडोनेशियातल्या एका तरुण गायिकेने ते पुन्हा गायले, आणि डिसेंबरात मूळ गाणे स्पॉटिफायच्या जगभरच्या व्हायरल यादीत पहिले आले. त्या दिवसांत परदेशी वाढलेली मुले हे गाणे आपल्या जपानी आईसमोर लावीत. आई चमकून वर पाही आणि हसत पुढची ओळ म्हणू लागे. हे सारे घडत असताना मात्सुबारा यांना जाऊन सोळा वर्षे झाली होती. ७ ऑक्टोबर २००४ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांना नेले. मागून पुढचे गाणे लागते. ही वार्ता यंत्र सांगत नाही.

यंत्राला दोष देऊन भागणार नाही. नाव गळून पडण्याची रीत त्याच्या आधीची आहे. १९४९ साली 'महल' चित्रपटातले 'आयेगा आनेवाला' घरोघरी पोचले, तेव्हा त्याच्या तबकडीवर गायिकेचे नावच नव्हते. पडद्यावरच्या पात्राचे, 'कामिनी' एवढेच नाव होते. श्रोते स्वस्थ बसले नाहीत. हा आवाज कुणाचा, असे विचारणारी पत्रे त्यांनी आकाशवाणीला धाडली, आणि लता मंगेशकर हे नाव देशाला कळले. ते सांगण्याची बुद्धी रेडिओला आपणहून झाली नव्हती. लोकांनी पोस्टाचे तिकीट लावून विचारले म्हणून ते मिळाले.

इतिहासाचे निम्मे काम एवढेच असते. राजांची नावे शिलालेखांत कोरलेली सापडतात. साध्या माणसाच्या आयुष्यात दोन क्षण सुखाचे करून गेलेल्यांची नावे मात्र कुणीतरी विचारली तरच टिकतात. गाणे दारापर्यंत आणून सोडायला यंत्र समर्थ आहे. आलेल्या पाहुण्याला नाव-गाव विचारण्याचा शिष्टाचार मात्र घरच्यांनीच पाळायचा असतो. या दिवाळीत घरात असे एखादे अनोळखी जुने गाणे लागले, तर ते संपण्याआधी पडद्यावर गायकाचे नाव शोधावे, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला हाक मारावी. कोण जाणे, पुढची ओळ त्यांना पाठ असेल.