दुसरा गल्ला

अमेरिकेतली सर्वांत मोठी कामगार संघटना कोणाची, असं विचारलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मोटारींचे कारखाने येतात. प्रत्यक्षात हा मान शिक्षकांच्या नॅशनल एज्युकेशन असोसिएशनकडे जातो. तिथं तिला सगळे 'एनईए' म्हणतात. सभासद ३० लाखांच्या आसपास. निवडणुकीच्या राजकारणात या संघटनेचा दबदबा आहे आणि त्यामागे सभासदांनी स्वेच्छेने दिलेला एक निधी आहे. हा निधी कसा उभा राहिला, कुठं अडखळला आणि आज कसा गोळा होतो, हे आपल्याकडच्या शिक्षक संघटनांनी वाचण्यासारखं आहे.

सुरुवात १८५७ ची. फिलाडेल्फियात ४३ जण जमले आणि संघटना स्थापन झाली. तेव्हा ती कामगार संघटना नव्हतीच. महाविद्यालयांचे अध्यक्ष, शिक्षणाधिकारी, मुख्याध्यापक अशा मानकऱ्यांची ती विद्वत्सभा होती. स्त्रियांना पूर्ण सभासदत्व मिळालं १८६६ मध्ये, आणि पहिली स्त्री अध्यक्ष, एला फ्लॅग यंग, व्हायला १९१० उजाडावं लागलं. वर्गात उभं राहून शिकवणाऱ्यांत स्त्रियाच अधिक, पण व्यासपीठावर बसणारे पुरुष, असा तो मामला होता.

राजकारणाचा धडा या सभेला बाहेरून मिळाला, तो शिकागोतून. तिथं १८९७ मध्ये प्राथमिक शिक्षिकांनी 'शिकागो टीचर्स फेडरेशन' काढलं. मार्गारेट हेली ही त्यातली खमकी बाई. पालिका म्हणे, पगारवाढीला पैसा नाही. हेली आणि कॅथरीन गॉगिन यांनी करांची दप्तरं उपसली. शहरातल्या बड्या कंपन्या आपल्या सवलतींवरचा कर भरतच नव्हत्या! त्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. वाढीव कर शाळा मंडळाच्या तिजोरीत आला, तर मंडळाने तो भलतीकडेच वळवायचं ठरवलं. मग मंडळावरही दावा. १९०२ मध्ये या शिक्षिका शहराच्या कामगार महासंघात सामील झाल्या. कारण सरळ होतं: कामगार पुरुषांना मत होतं, यांना नव्हतं. स्वतःला मताचा अधिकार नसताना दुसऱ्यांच्या मतांच्या जोरावर राजकारण करणाऱ्या या बायकांपुढे आजचे कितीतरी संघटना-पुढारी फिके पडतील. हेलीने १९०४ मध्ये सेंट लुईसच्या अधिवेशनात एनईएच्याच व्यासपीठावरून शिक्षकांनी संघटित का व्हावं हे सांगितलं. मानकऱ्यांनी ऐकून घेतलं, आणि पुढची पन्नासेक वर्षं संघटना सभ्य अंतर राखूनच राहिली.

ती हलली स्पर्धेमुळे. नोव्हेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या शिक्षकांनी एक दिवसाचा संप केला, आणि पुढच्या वर्षी शहरातल्या शिक्षकांचा प्रतिनिधी कोण याच्या मतदानात प्रतिस्पर्धी 'अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स'च्या शाखेनं बाजी मारली. सभ्यपणाने सभासद टिकत नाहीत, हे एनईएच्या लक्षात आलं. १९६६ मध्ये कृष्णवर्णीय शिक्षकांची 'अमेरिकन टीचर्स असोसिएशन' तिच्यात विलीन झाली. १९६८ मध्ये फ्लोरिडात राज्यभर शिक्षक काम सोडून बाहेर पडले. या सगळ्यातून एक गोष्ट पक्की झाली. कारखान्यातल्या कामगाराला मालक बदलता येत नाही. सरकारी शाळेतल्या शिक्षकाचा मालक मात्र दर काही वर्षांनी मतं मागायला दारात येतो. शाळा मंडळ, विधिमंडळ, गव्हर्नर, सगळेच निवडून येणारे. मग पगाराची बोलणी निवडणुकीच्या आधीच सुरू करायला काय हरकत?

१९७२ मध्ये एनईएने आपली राजकीय समिती स्थापन केली. इथं अमेरिकन कायद्याची एक खुबी समजून घ्यायला हवी. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टली कायद्याने संघटनेच्या वर्गणीतून केंद्रीय निवडणुकीतल्या उमेदवाराला पैसे द्यायला बंदी घातली होती. म्हणजे संघटनेला दोन गल्ले ठेवणं आलं. पहिल्यात सभासदत्वाची वर्गणी. दुसऱ्यात फक्त स्वेच्छेने दिलेला पैसा, आणि उमेदवाराला द्यायचा तो यातूनच. मात्र दुसरा गल्ला चालवण्याचा खर्च, म्हणजे कारकून, टपाल, छपाई, पहिल्या गल्ल्यातून करता येतो. त्यामुळे निधी मागणाऱ्याला छातीठोकपणे सांगता येतं की तुमचा डॉलर उमेदवारापर्यंत पुरा पोचेल, कचेरीभाड्यात जिरणार नाही. वर्गणी मागायला गेलेल्या कोणाही कार्यकर्त्याला विचारा, या एका वाक्याची किंमत तो सांगेल.

१९७६ मध्ये एनईएने पहिल्यांदाच राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला उघड पाठिंबा दिला, जिमी कार्टर यांना. कार्टर यांनी शिक्षणाचं स्वतंत्र केंद्रीय खातं काढण्याचं वचन दिलं होतं. ऑक्टोबर १९७९ मध्ये त्या कायद्यावर त्यांची सही झाली. गंमत म्हणजे प्रतिस्पर्धी फेडरेशनने, अल्बर्ट शँकर यांच्या नेतृत्वाखाली, या खात्याला विरोध केला होता. शिक्षकांच्या दोन संघटना आणि दोन तोंडं, हे केवळ आपल्याकडचंच दुखणं नव्हे.

पण याच वर्षांत दुसऱ्या गल्ल्याला खोट लागली. पैसा जमवण्याची सोपी युक्ती संघटनेने काढली होती. सभासदाची वर्गणी पगारातून कापली जाई, तिच्याबरोबरच राजकीय निधीची छोटी रक्कमही कापायची. ज्याला द्यायची नसेल त्याने अर्ज करून ती परत मागावी. रक्कम एवढीशी, की अर्जाचा कागद कोण खर्चणार? गल्ला भरत गेला. केंद्रीय निवडणूक आयोगाने दावा लावला आणि १९७८ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली. आधी कापून घ्यायचं आणि नंतर परत देऊ म्हणायचं, याला ऐच्छिक म्हणता येत नाही. निकाल योग्यच होता. गणपतीची वर्गणी न विचारता पगारातून कापली गेली, तर भाविकही मंडळावर डाफरेल.

आता मागणं आलं, आणि तेही माणसासमोर उभं राहून. यातूनच आज दिसणारी मोहीम घडली. तिचा कळस म्हणजे जुलैच्या सुरुवातीचं प्रतिनिधी अधिवेशन. हजारो शिक्षक प्रतिनिधी एखाद्या शहराच्या भल्यामोठ्या सभागृहात राज्यवार बसतात. ठरावांची घासाघीस चालू असते आणि त्याच वेळी निधीचे कार्यकर्ते रांगांमधून फिरत असतात. छातीवर लावायचे बिल्ले, टी-शर्ट, आपापल्या राज्याच्या खासियतीच्या वस्तू यांच्या बदल्यात देणगी घेतली जाते. कुठल्या राज्याने दरडोई किती जमवलं याची चढाओढ लागते, आणि शेजारच्या राज्यापेक्षा मागं पडलो म्हणून पुन्हा खिशात हात घालणारे निघतात. वर्षभर हेच काम शाळेतला प्रतिनिधी करतो: मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत, हातात संमतीपत्र घेऊन. महिन्याला ठरावीक रक्कम कापायला लेखी होकार दिला, तरच ती कापायची.

यावर नियमांचा पहारा कडक आहे. निधी मागायचा तो फक्त सभासदांकडे आणि त्यांच्या कुटुंबीयांकडे, पालकांपुढे हात पसरायचा नाही. पैसा राजकारणासाठी आहे आणि नकार दिला तरी काही बिघडणार नाही, हे मागतानाच सांगायचं. ठरावीक आकडा सुचवला तरी तो केवळ सूचना राहतो. सोडतीची बक्षिसं नि करमणूक यांवरचा खर्च जमलेल्या रकमेच्या एक-तृतीयांशाहून वाढला, तर वरचा खर्च निधीनेच सोसावा. वर्षात २०० डॉलरहून अधिक देणाऱ्याचं नाव आणि व्यवसाय आयोगाच्या जाहीर हिशेबात झळकतात. एका उमेदवाराला एका निवडणुकीत ५,००० डॉलरच देता येतात. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना लागू पडते. कामाच्या व्हिसावर तिथं शिकवायला गेलेल्या भारतीय शिक्षकाला संघटनेचं सभासद होता येतं, पण या निधीत एक डॉलरही टाकता येत नाही. ग्रीन कार्ड हाती आल्यावरच ती मुभा.

विरोधकांनी अर्थातच गल्ल्याच्या तोंडाशी हात घातला. कॅलिफोर्नियात १९९८ आणि २००५ मध्ये, सभासदाची दरवर्षी लेखी परवानगी घेतल्याशिवाय संघटनेला राजकारणावर खर्च करता येऊ नये, असे प्रस्ताव मतदानाला आले. दोन्हीही पडले. २००५ मध्ये गव्हर्नर श्वार्झनेगर यांच्या प्रस्तावांशी लढण्यासाठी तिथल्या शिक्षक संघटनेने तीन वर्षांसाठी वार्षिक वर्गणीच ६० डॉलरनी वाढवली. आयडाहोने सरकारी पगारातून राजकीय निधी कापायला बंदी केली. पोकाटेलोच्या शिक्षकांनी सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि २००९ मध्ये ते हरले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या जानस खटल्यातल्या निकालाने तर सभासद नसलेल्यांकडून घ्यायचं शुल्कही बंद झालं.

टीका मात्र सगळीच खोटी नाही. एनईएच्या सभासदांत रिपब्लिकन पक्षाला मत देणारे शिक्षक भरपूर आहेत आणि निधीचा ओघ मात्र जवळजवळ सगळा डेमोक्रॅट उमेदवारांकडे जातो. अशा सभासदाने मधल्या सुट्टीत संमतीपत्र बाजूला सारलं, तर त्याला बोल लावता येणार नाही. आणि नैतिक उंचीचं म्हणाल, तर जुलै २०२४ मध्ये फिलाडेल्फियात, जिथं संघटना जन्मली त्याच गावात, एनईएच्या स्वतःच्याच कर्मचाऱ्यांनी संप केला आणि अधिवेशन अर्ध्यावर आटोपलं. संपकऱ्यांची रांग ओलांडायची नाही म्हणून राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी भाषण रद्द केलं. आणि ज्या शिक्षण खात्यासाठी १९७६ मध्ये पाठिंबा दिला, ते गुंडाळण्याचा आदेश मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी काढला. पैशाने दार उघडतं, पण ते कायम उघडंच राहील याची हमी मिळत नाही.

आपल्याकडे विधान परिषदेत शिक्षकांचे ७ आमदार असतात आणि त्यांच्या निवडणुकीत संघटना जिवाचं रान करतात. जिल्हा परिषदेच्या नि सरकारी शिक्षकांना वर्तणूक नियमांमुळे राजकीय पक्षाला पैसे देता येत नाहीत. पण नोंदणीकृत कामगार संघटनेला राजकीय कामासाठी वेगळा ऐच्छिक निधी ठेवता येतो आणि तो न देणाऱ्या सभासदाचे हक्क कमी करता येत नाहीत, ही तरतूद १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याच्या कलम १६ मध्येच आली होती. ती वापरणाऱ्या शिक्षक संघटना कितीशा? येत्या वार्षिक सभेत पदाधिकाऱ्यांना एवढं जरूर विचारा: आमदारकीच्या प्रचाराचा खर्च कुठून झाला, पावत्या कोणाच्या नावे फाडल्या, आणि त्याचा हिशेब अहवालाच्या कोणत्या पानावर आहे?